दाहशामक औषधे आणि मऊ ऊतींचा जंतुसंसर्ग

त्वचा, तिच्याखालची चरबी, स्नायूंवरची प्रावरणी आणि स्नायू यांना जंतूंची बाधा झाली असता सूज व दुखणे दाबणाऱ्या औषधांचा होणारा परिणाम. त्वचेतल्या उथळ संसर्गाला मराठीत धावरे म्हणतात. प्रावरणीतून पसरत ऊती मारत जाणाऱ्या प्रकाराला विल्सन यांनी १९५२ मध्ये ‘नेक्रोटायझिंग फॅशियायटिस’ हे नाव दिले. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा त्यातला एक प्रमुख जंतू; मधुमेह्यांत अनेकदा मिश्र जंतू आढळतात.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे भातशेतीचे तालुके. आवणीच्या दिवसांत माणसे तासन्‌तास अनवाणी चिखलात उभी असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचा भेगाळतात, काटा रुततो. जंतूंना एवढी वाट पुरते. पाय सुजला तरी आवणी थांबत नाही, म्हणून डायक्लोफिनॅकची सुई किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली जाते. ठणका उतरतो, माणूस पुन्हा वाफ्यात उतरतो, आणि आत संसर्ग पसरत राहतो.

ही औषधे सायक्लोऑक्सिजनेज या विकराला अडवतात. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होते आणि ताप, लाली, वेदना ओसरतात. जंतू मात्र मरत नाहीत. या औषधांमुळे पांढऱ्या पेशींचे काम बिघडते व दाहकारक सायटोकाइन वाढतात, त्यातून संसर्ग चिघळत असावा, अशी मांडणी डेनिस स्टीव्हन्स यांनी १९९५ मध्ये केली. फ्रान्सच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये आयब्युप्रोफेन व कीटोप्रोफेनबाबत, विशेषतः कांजिण्यांत, इशारा दिला. तरीही कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही : ज्याचे दुखणे मुळात जास्त, तोच जास्त गोळ्या घेतो. पण लक्षणे झाकली जाऊन निदान लांबते, हा धोका खरा आहे, आणि नेक्रोटायझिंग फॅशियायटिसमध्ये काही तासांचा उशीरही महागात पडतो.

दिसते त्याहून कितीतरी जास्त दुखणे ही पहिली खूण. पुढे कातडी जांभळट होते, काळसर पाण्याचे फोड येतात, आणि मग तोच भाग बधिर होतो. दुखणे थांबले म्हणून घरच्यांना हायसे वाटते. प्रत्यक्षात तिथल्या नसा मेलेल्या असतात. मृत ऊती तातडीने कापून काढणे हाच मुख्य उपचार; जोडीला शिरेतून प्रतिजैविके. स्ट्रेप्टोकॉकसचे विष रोखण्यासाठी पेनिसिलिनबरोबर क्लिंडामायसिन देतात.

सुजलेल्या पायावर लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढावी. लाली रेघेबाहेर गेली, फोड आले किंवा माणूस बरळू लागला, तर आणखी सुई न घेता १०८ वर फोन करून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.