बालाघाट

बालाघाट : मध्य प्रदेश राज्याच्या आग्नेय भागातील जिल्हा व त्याचे मुख्य ठिकाण. क्षेत्रफळ ९,२२९ चौ. किमी.; लोकसंख्या १७,०१,६९८ (२०११). दक्षिणेस महाराष्ट्रातील गोंदिया व भंडारा, पूर्वेस छत्तीसगढ राज्य, तर उत्तरेस मंडला आणि पश्चिमेस सिवनी हे जिल्हे आहेत. शहर वैनगंगेजवळ वसले असून त्याची लोकसंख्या १९०१ मध्ये ६,२२३ होती, ती २०११ मध्ये ८४,२६१ झाली. शहराचे जुने नाव बुऱ्हा. ‘घाटावरचा प्रदेश’ असे जिल्ह्याचे नाव असले, तरी मुख्य ठिकाण घाटाखाली आहे. जिल्हा आखला गेला तो घाटावरच्या रिकाम्या मुलखासाठी. कचेऱ्या मात्र खाली, पाणी, भात आणि रस्ता होता तिथेच राहिल्या.

भूरचना : जिल्ह्याचे तीन भाग सहज पडतात. दक्षिणेचा सखल, तलावांचा व भातशेतीचा प्रदेश. वैनगंगा आणि डोंगर यांच्यामधली मऊ ही चिंचोळी पट्टी. आणि बैहर-परसवाडा-बिरसा हे सातपुड्याच्या मैकल रांगेचे पठार. जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांकडे जाते. वैनगंगा आणि तिला मिळणारी बाघ दक्षिणेकडे गोदावरी खोऱ्यात, तर बंजर, हालोन आणि जमुनिया उत्तरेकडे नर्मदेत. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाने व्यापला आहे. खालच्या बाजूस साग व बांबू, तर पठारावर साल. बैहरच्या बाजूने घाट चढणाऱ्यास हा बदल एका प्रवासातच दिसतो.

उन्हाळ्यात वैनगंगेचे पात्र आटून वाळूचे रुंद पट्टे उघडे पडतात. समुद्र शेकडो किमी. दूर असलेल्या या मुलखाला किनारा म्हणून एवढाच. त्याच वाळूत डांगरवाड्या लागतात. लामट्याजवळचा ढूटी बंधारा ब्रिटिश काळातील असून त्याच्या कालव्यांवर अजूनही भात पिकतो. गोंदिया व बालाघाट या लगतच्या जिल्ह्यांत नदीकाठी व तलावांच्या पाणथळीत सारस पक्ष्यांची जोडपी आढळतात. महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ गोंदिया जिल्ह्यापुरताच उरला असल्याने दोन्ही जिल्ह्यांतील पक्षी एकत्र मोजण्याची पद्धत पडली आहे. पक्ष्याला राज्याची हद्द नाही, हे इथे सरकारी कागदावरही मान्य झाले आहे.

इतिहास : जिल्ह्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा ठेवा जिल्ह्यात नाही. १८७० मध्ये मऊ पट्टीतील गुंगेरिया गावाजवळ गुरे चारणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून वर आलेला तांब्याचा एक तुकडा दिसला. खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे एकाच जागी सापडले. तांब्याचे वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किग्रॅ. भरले. हत्यारांत चपट्या कुऱ्हाडी आणि पहारीसारख्या लांब, अरुंद पट्ट्या असून चांदीच्या पत्र्यांत वाटोळ्या चकत्या व शिंगे असलेल्या बैलाच्या मुखासारखे आकार आहेत. तत्कालीन अधिकारी ब्लूमफील्ड यांचा वृत्तांत बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या कार्यवृत्तात त्याच वर्षी आला. भारतातील ‘ताम्रनिधी’ बहुतेक गंगा-यमुनेच्या दुआबात व छोटा नागपुराकडे सापडले आहेत. त्यांत इतक्या वजनाचा, इतक्या दक्षिणेकडचा आणि चांदीसह मिळालेला निधी हाच. अभ्यासक त्याचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात धरतात. कुऱ्हाडींना वापराच्या खुणा फारशा नाहीत. त्यामुळे हे व्यापाऱ्याचे भांडार की देवाला वाहिलेला ठेवा, हा वाद चालूच आहे. हत्यारांपैकी काही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आणि काही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गुंगेरियात पाहण्यासारखे काही नाही.

वाकाटकांचे दोन ताम्रपट या जिल्ह्याच्या नावावर आहेत. दुसऱ्या प्रवरसेनाचा तिरोडी ताम्रपट त्याच्या तेविसाव्या राज्यवर्षातला आहे. दुसऱ्या पृथिवीषेणाचा बालाघाट ताम्रपट जंगलात एका झाडाला टांगलेला सापडला. त्याचे वाचन कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये प्रसिद्ध केले, पुढे वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांच्या १९६३ च्या खंडात तो पुन्हा घेतला. त्याचा मजकूर अपुरा आहे. वंशावळ येते, नरेंद्रसेनाची आज्ञा कोसल, मेकल आणि मालव येथील राजे मानत असे सांगितले जाते, पृथिवीषेणाची आई कुंतलाधिपतीची मुलगी अज्झितभट्टारिका असल्याचे कळते. आणि दान कोणाला, कोणत्या गावाचे, हे येण्याआधीच लेख थांबतो. वाकाटकांच्या अखेरच्या पिढ्यांचा इतिहास लिहिताना याच अपुऱ्या पटाचा आधार घ्यावा लागतो.

मध्ययुगात हा मुलूख गोंड सत्तांकडे होता. लांजीचा किल्ला, त्याभोवतीचा खंदक आणि जवळचे कोटेश्वराचे मंदिर, तसेच हट्टा येथील मजल्यांची दगडी विहीर हे त्या काळाचे अवशेष मानले जातात. विहीर किल्ल्यापेक्षा चांगल्या स्थितीत आहे, आणि वेळ थोडा असेल तर आधी तीच पाहावी. अठराव्या शतकाच्या मध्यास देवगडच्या गोंड राज्याबरोबर घाटाखालचा भाग नागपूरकर भोसल्यांकडे आला. रामपायली येथील राममंदिर भोसलेकालीन आहे.

घाटावर १८१० च्या सुमारास लछमन नाईक याने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे बसवली. तरीही १८६० पर्यंत वरचा बहुतेक प्रदेश ओसाडच होता. १८६७ मध्ये भंडारा, मंडला व सिवनी यांचे तुकडे जोडून हा जिल्हा करण्यात आला आणि ब्लूमफील्ड यांनी खालच्या पोवार शेतकऱ्यांना वर जमिनी देऊन वस्ती वाढवली. १८९७ व १९०० च्या दुष्काळांनी ती पुन्हा विरळ केली. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे १५ टक्के घट. प्रशासनदृष्ट्या जिल्हा नागपूर विभागात असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिले.

लोक व मोह : घाटाखाली पोवार, लोधी, मरार, कोष्टी व गोंड, तर घाटावर प्रामुख्याने गोंड व बैगा. पोवारी, गोंडी, हिंदी व सीमेलगत मराठी बोलली जाते. बाजार, दवाखाना आणि सोयरीक यांसाठी खालचे लोक आजही बालाघाटाइतकेच गोंदियाकडे पाहतात. बैगांच्या बेवर शेतीवर, म्हणजे झाडे जाळून राखेत बी टाकण्याच्या पद्धतीवर, एकोणिसाव्या शतकात वनखात्याने बंदी घातली. व्हेरिअर एल्विन यांचा ‘द बैगा’ (१९३९) हा ग्रंथ त्या बंदीने काय केले याची साक्ष म्हणून आजही वाचावा लागतो.

स्कॉटलंडच्या बेटांना व्हिस्की, तशी या पठाराला मोहाची दारू. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळालेली मोहफुले वेचतात. त्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात, आणि तीच आग कधी कधी जंगलात पसरते. फुले वाळवून, पाण्यात काही दिवस आंबवून सडवा करतात. तो मडक्यात तापवून वाफ नळीने थंड भांड्यात उतरवतात. पहिली धार सर्वांत कडक. पिण्याआधी थेंब जमिनीवर देवाला सोडण्याची रीत आहे. जन्म, लग्न, मरण यांपैकी काहीही मोहाशिवाय पार पडत नाही. घरच्या वापरापुरती दारू गाळण्यास आदिवासींना राज्याच्या कायद्याने सवलत आहे, विकण्यास नाही. २०२२ मध्ये राज्याने मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून बाजारात आणण्याचे धोरण जाहीर केले. मोहफूल दुष्काळात अन्न म्हणूनही खाल्ले जाते, आणि बियांचे तेल निघते.

वन्यजीवन : कान्हा राष्ट्रीय उद्यान (१९५५, व्याघ्रप्रकल्प १९७३) मंडला व बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरले असून त्याचा गाभा ९४० चौ. किमी. आहे. बंजर खोऱ्याकडील मुक्की दरवाजा आणि सुपखारचे जुने विश्रामगृह बालाघाटच्या बाजूस आहेत. वाघ पाहण्यास लोक येतात, पण कान्ह्याचे खरे कर्तृत्व बारशिंगा हे आहे. कठीण जमिनीवर राहणाऱ्या या उपजातीचे १९७० मध्ये जगात केवळ ६६ प्राणी उरले होते, तेही इथेच. कुंपणात पैदास, गवताळ मैदानांची राखण आणि गाभ्यातील गावे हलवणे यांमुळे संख्या वाढली. २०१५ पासून काही प्राणी सातपुडा व्याघ्रप्रकल्पात सोडण्यात आले. कुरणे मोकळी झाली ती बैगा व गोंडांची गावे उठवून, ही बाब मार्गदर्शकांच्या माहितीत सहसा येत नाही.

अर्थव्यवस्था : भरवेली, उकवा व तिरोडी येथे मँगॅनीज, तर मलाजखंड येथे तांबे (१९८२ पासून). मुख्य पीक भात. चिन्नोर तांदूळ (२०२१) व वारासिवनीचे हातमाग कापड (२०२३) यांना भौगोलिक मानांकन आहे.

दळणवळण : गोंदिया-बालाघाट-जबलपूर हा सातपुडा रेल्वेचा अरुंदमापी मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी झाला, आता तो रुंदमापी आहे. गोंदियाहून बालाघाट सुमारे ४० किमी. पठारावर रेल्वे नाही. बैहर, मलाजखंड व मुक्कीस रस्त्याने जावे लागते. कान्हा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते.