गावोगावी जाणारी पेटी

सोलापूर जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांसाठी फिरते ग्रंथालय हवे, असा विषय निघाला की चर्चा बहुधा गाडी, चालक आणि डिझेल यांवर येऊन थांबते. बडोदा संस्थानाचा इतिहास वाचताना मात्र आम्हांस असे दिसते की, तेथे वाहन दुय्यम होते. पुस्तके उतरवून घेणारे गाव कसे घडवावे, हा खरा प्रश्न होता.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले व 1906 साली ते संस्थानभर लागू केले. शाळा संपल्यावर हाती पुस्तक आले नाही, तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात. म्हणूनच शाळेपाठोपाठ ग्रंथालय आले. 1910 साली महाराजांनी विल्यम अलान्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांस पाचारण केले आणि 1911 साली फिरत्या ग्रंथपेट्यांचा विभाग सुरू झाला. एका लाकडी पेटीत साधारण 15 ते 30 पुस्तके असत. ने-आण करण्याचा खर्च ग्रंथालय खाते सोशी.

पेटी मात्र कायमची पाहुणी राहू नये, अशीही तजवीज होती. गावाने स्वतःच्या ग्रंथालयासाठी वर्गणी जमवली, तर ठरावीक मर्यादेपर्यंत तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार. गावाच्या एका रुपयाचे असे तीन होत. हिशेब ठेवणारा, पुस्तक परत मागणारा माणूसही त्यामुळे गावातूनच पुढे येई. आमच्या मते योजनेचे मर्म येथे आहे.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. कोल्हापूर संस्थानाने 1945 साली देशातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला होता; महाराष्ट्राचा कायदा 1967 सालचा. त्यात ग्रंथालय कर नाही. लोकांनी चालवलेल्या मान्यताप्राप्त संस्थांना अनुदान, हे त्याचे मुख्य सूत्र. या अनुदानाने शेकडो गावांतली वाचनालये तगली, हे नाकारता येणार नाही. परंतु जिथे खोली, कपाट आणि कार्यकारिणी आधीच आहे, तिथेच अनुदान पोहोचते. रानातल्या वस्तीवर यांपैकी काहीच नसते. तिथली मुलगी शाळेतून बाहेर पडली की तिचे वाचनही बहुधा तिथेच संपते.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने 2009 साली सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाने पेटीची कल्पना नव्याने रुजवली. देणगीदारांच्या पैशातून 100 पुस्तकांची पेटी भरायची, ती वाचकांच्या एका गटाकडे सोपवायची आणि पुढे गटागटांत पेट्या बदलायच्या, अशी ही रीत. ती दुबईपर्यंत पोहोचली, कारण पेटी सांभाळणारा कुणीतरी प्रत्येक ठिकाणी होता.

सोलापुरात पेटीच्या भाषेचाही विचार करावा लागेल. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातील अनेक घरांत कन्नड बोलली जाते, शहराच्या विणकर वस्तीत तेलुगू. पुस्तके कोणती, हे वस्तीलाच विचारावे. वर्गणीही रोखच हवी, असे नाही. मंगळवेढ्याकडे ती पायलीभर ज्वारीची असली तरी चालेल. मात्र ती घ्यावीच, कारण ज्या पेटीत आपले काही घातलेले नाही, ती परत आली नाही तरी कुणी विचारत नाही.