गांजा, भांग, चरस : झाड एकच, नशा आणि कायदा वेगळा

भांग, गांजा, चरस ही तिन्ही एकाच झाडाची. पानं म्हणजे भांग, मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि चिकट राळ म्हणजे चरस. नशा येते ती त्यातल्या टीएचसी या घटकामुळे. आयुर्वेदात याच झाडाला 'विजया' म्हणतात, पण वैद्याचं औषध वेगळं आणि चिलीम वेगळी.

ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. भांगेला मात्र अर्धा ते दोन तास लागतात. 'काहीच होईना' म्हणत होळीला दुसरा ग्लास लावणारे इथंच फसतात. मग छातीत धडधड, घबराट, उलट्या. अशा माणसाला गाडी चालवू देऊ नये. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर थेट दवाखाना गाठावा.

कोवळ्या वयात सवय लागली तर धोका जास्त. विसरभोळेपणा येतो, काहींना भास होतात, घरच्यांवरच संशय येतो. 'बाहेरचं लागलंय' म्हणून देवऋषीकडे फेऱ्या मारण्यातच घरच्यांचे महिने जातात.

तुरीत किंवा उसात लपवून चार झाडं लावली तरी एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार गुन्हा : १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी, १ लाखापर्यंत दंड. रान बटईनं दिलंय म्हणून मालक सुटत नाही. झाडं आहेत हे कळल्यावर पोलिसांना लगेच कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. भांगेची नुसती पानं या कायद्यातल्या गांजात मोडत नाहीत, पण राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात येतात.

व्यसन सोडवण्यासाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन : १४४४६.