स्लाऊचे हर्शेल : दोन विल्यम, दोन जॉन

आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल आपल्याकडे इतकी रूढ आहे की थोरले बाजीराव कोण आणि त्यांचे नातू दुसरे बाजीराव कोण, हे शाळकरी मुलासही समजावून सांगावे लागत नाही; परंतु इंग्लंडातील स्लाऊ या गावी नांदलेल्या हर्शेल घराण्यातही एकाच नावाचे दोन विल्यम आणि दोन जॉन कीर्तिमान झाले, आणि त्यांतील धाकट्या दोघांचे नाव ज्या कार्यामुळे राहिले ते आपल्या देशात घडले, याची वार्ता आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही.

थोरले विल्यम मूळचे हानोव्हरचे, पेशाने वादक. 13 मार्च 1781 रोजी बाथ येथे स्वतः घडविलेल्या दुर्बिणीतून त्यांना एक नवा ग्रह दिसला. पाश्चात्त्यांनी त्यास पुढे युरेनस म्हटले, पण मराठी पत्रिकेत तो अद्याप शोधकाच्या नावाने, ‘हर्शल’ म्हणूनच, मांडला जातो. राजा तिसरा जॉर्ज याने वर्षासन बांधून दिल्यावर ते 1786 साली भगिनी कॅरोलाइनसह स्लाऊस येऊन राहिले, आणि तेथेच 40 फूट लांबीची व 4 फूट व्यासाच्या आरशाची ती प्रचंड दुर्बीण 1789 मध्ये उभी राहिली. त्यांचे पुत्र जॉन 1792 साली याच घरी जन्मले. दक्षिण गोलार्धाचे आकाश त्यांनी केप येथे राहून तपासले, आणि पित्याच्या दुर्बिणीचा सांगाडा मोडण्यापूर्वी 1839 साली त्याचे काचेवर छायाचित्रही घेतले.

या जॉनचे पुत्र धाकटे विल्यम 1833 च्या जानेवारीत स्लाऊस जन्मले व मुलकी नोकरीत बंगाल्यात आले. 1858 साली जंगीपूर येथे रस्त्याच्या खडीचा मक्ता राज्यधर कोनाई यास देताना, सही आपली नव्हेच असे त्याने पुढे म्हणू नये म्हणून, त्यांनी करारनाम्याच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. हेतू केवळ धाक बसविण्याचा होता. परंतु पुढे वर्षानुवर्षे स्वतःचेही ठसे घेऊन ते बदलत नाहीत याची त्यांनी खात्री करून घेतली, आणि 1877 साली हुगळी येथे दस्तनोंदणी, निवृत्तिवेतन व तुरुंग या तिन्ही खात्यांत तो प्रघात सुरू केला. आजोबांचा ग्रह आपल्या पंचांगात आला, पण नातवाची युक्ती आपल्या दप्तरात शिरली. सामान्य रयतेच्या संसाराशी जडलेली हीच कामगिरी मला अधिक मोलाची वाटते.

त्यांचे धाकटे बंधू जॉन 1837 साली केप येथे जन्मले, आणि सैन्यातील इंजिनियर म्हणून हिंदुस्थानच्या भूमापनखात्यात रुजू झाले. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी ते पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक यंत्र मांडून बसले होते. सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या, आणि त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे त्या दिवशीच्या वेधांनी ठरले. दक्षिणेत त्यांच्याशिवाय इतरही निरीक्षक होते, तरी जमखंडीचा हा मान विसरण्याजोगा नाही.

स्लाऊचे ते घर 1960 नंतरच्या दशकात पाडले गेले. थोरल्या विल्यमची समाधी मात्र तेथील अप्टन भागात, संत लॉरेन्सच्या चर्चमध्ये आहे. स्लाऊस राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मुलांना एकदा तेथे न्यावे, आणि हर्शलबरोबर राज्यधर कोनाईचेही नाव त्यांना सांगावे.