'डिस्को दीवाने' (१९८१) : चित्रपटाबाहेर पडलेले नृत्यगीत

लोकप्रिय संगीताकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे उशिरा आली. अभिजात संगीत, नाट्यसंगीत, फार तर चित्रपटसंगीत इथपर्यंत अभ्यासाची मजल जाते. तरुणांची नाचण्याची गाणी क्षुल्लक मानून सोडून दिली जातात. नाझिया हसन या पाकिस्तानी गायिकेच्या 'डिस्को दीवाने' या ध्वनिमुद्रिकेचा उल्लेखही बहुधा स्मरणरंजनाच्या ओघातच होतो. वास्तविक भारतीय उपखंडातील नृत्यगीत चित्रपटापासून सुटे कसे झाले, याचा तो महत्त्वाचा पुरावा आहे.

नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५ रोजी कराचीत झाला. त्याच वर्षीच्या युद्धानंतर पाकिस्तानात भारतीय चित्रपटांवर बंदी आली. पंधरा वर्षांनी, १९८० मध्ये, फिरोज खान यांच्या 'कुर्बानी' चित्रपटात या मुलीचे 'आप जैसा कोई' हे गाणे गाजले. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे; हे एक गाणे मात्र बिड्डू यांचे. बंगळूरहून लंडनला गेलेल्या या संगीतकाराने 'कुंग फू फायटिंग' (१९७४) या गीताची निर्मिती करून पाश्चात्त्य बाजारपेठ आधीच जिंकली होती. गाण्यासाठी नाझियाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तिच्या मायदेशातील चित्रपटगृहांत मात्र तो चित्रपट लागू शकत नव्हता. तेथे तो पोहोचला व्हिडिओ कॅसेटमधून.

'कुर्बानी'त हा कोवळा आवाज झीनत अमान यांच्या तोंडी होता. पुढच्याच वर्षी आलेल्या 'डिस्को दीवाने'त तो आपल्या खऱ्या चेहऱ्याकडे परत आला. सोबतीला धाकटा भाऊ झोहेब होता. ना कथानक, ना नायिका. या संग्रहाला कधी कधी 'पहिले बिगरचित्रपटीय संगीत' म्हटले जाते, ते मान्य करता येत नाही. मराठी भावगीताची ध्वनिमुद्रिका १९३० च्या दशकापासून घरोघर वाजत होती, गझल आणि भजनांचा स्वतंत्र श्रोतृवर्ग होता, आणि पाकिस्तानात आलमगीर दूरचित्रवाणीवर पॉप गीते गात होता. पण भावगीत, गझल, भजन ही बसून ऐकण्याची गाणी. पाश्चात्त्य ठेक्यावर नाचण्याचे गाणे हिंदी चित्रपटाच्या ताब्यात होते, आणि चित्रपटातही ते बहुतांशी क्लबमधील नर्तकीच्या वाट्याला येई. ते त्या अंधाऱ्या क्लबमधून काढून शाळकरी वयाच्या, सुशिक्षित घरातील मुलीच्या हाती देणे, हे या संग्रहाचे खरे ऐतिहासिक कार्य होय. मध्यमवर्गीय घरातील दिवाणखान्यात हे गाणे संकोचाशिवाय वाजू शकले ते यामुळेच.

ध्वनीच्या अंगानेही येथे बदल दिसतो. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्या गायकीने स्त्रीस्वराचा मानदंड ठरवलेल्या काळात नाझियाचा आवाज तालीम नसलेला, किंचित अनुनासिक, मुरक्या-हरकतींपासून दूर होता. बिड्डू यांनी तो दुहेरी मुद्रित करून त्याला भरीवपणा दिला आणि खाली अखंड ठेका ठेवला. म्हणून सारे श्रेय निर्मात्याचेच, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हे तंत्र त्यांनी लंडनमध्ये घडवले होते. उर्दू शब्दांचा तो अलिप्त, निरागस उच्चार मात्र तंत्रातून येणारा नव्हता. विशेष म्हणजे अमेरिकेत डिस्कोची लाट तेव्हा ओसरत होती. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवून देण्यात आल्या होत्या. मुंबईत मात्र 'डिस्को डान्सर' आला तो १९८२ मध्ये.

पाकिस्तानात तेव्हा जनरल झिया-उल-हक यांची राजवट होती. सार्वजनिक जीवनात स्त्रीच्या वावरावर बंधने घट्ट होत असतानाच तेथील एक मुलगी सीमेच्या दोन्ही बाजूंना ऐकली जात होती, ही गोष्ट राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावी. 'यंग तरंग' (१९८४) पर्यंत तिची लोकप्रियता टिकली. पुढे तिने कायद्याचे शिक्षण घेतले व १९९२ च्या 'कॅमेरा कॅमेरा'नंतर गाणे थांबवले. बिड्डू यांनी मात्र १९९५ मध्ये अलिशा चिनॉयसोबत 'मेड इन इंडिया' करून हीच वाट पुढे नेली.

१३ ऑगस्ट २००० रोजी लंडन येथे कर्करोगाने नाझियाचे निधन झाले; वय अवघे ३५. बारा वर्षांनी 'स्टुडंट ऑफ द इयर' या हिंदी चित्रपटाने 'डिस्को दीवाने' नव्या रूपात घेतले. त्याच्या गायकांच्या नामावलीत सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांच्यासोबत नाझिया हसन हे नावही आहे.