कापूस, किल्ला आणि पस्तीस खडे : घरी शिकणाऱ्या मुलांचा इतिहास

मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणारे पालक आम्हाला भेटले की पाच-दहा मिनिटांत एक प्रश्न येतोच. ‘हातानं करत शिकायचा इतिहासाचा चांगला अभ्यासक्रम कोणता? नाव सांगा, मागवून टाकतो.’ आज आम्ही नाव सांगणार नाही. निवड कशी करायची ते सांगू, आणि त्यासाठी थोडं मागे जाऊ. कारण ‘करून शिकणं’ या गोष्टीलाही इतिहास आहे, आणि तो आपल्या घरापासून फार लांबचा नाही.

बहुतेक घरांत पहिल्यांदा येतात ती अमेरिकन पुस्तकं. सुसान वाइज बाउअर यांचं ‘द स्टोरी ऑफ द वर्ल्ड’ चार भागांत आहे, सोबत कृतींची पुस्तकं. त्यातली मीठ लावून कोंबडीची ममी करायची कृती प्रसिद्ध आहे. आता शाकाहारी घरात हे ऐकून आजीचा चेहरा कसा होतो ते सांगायला नको! पण कृती वाईट नाही. मिठानं पाणी ओढलं जातं, वजन कमी होतं, मुलाला ते काट्यावर मोजता येतं. कोंबडी नको असेल तर काकडी घ्या. खारवलेली कैरी आणि सुकी मासळी आपल्याकडे आहेच, तिथून इजिप्तला जायला मूल वेळ लावत नाही. याच संचांत पुठ्ठ्याचा पिरॅमिड आणि रंगवलेला मुखवटाही असतो. तो करताना मुलाला मजा येते, पण इजिप्तबद्दल नवं काहीच कळत नाही. दोन्ही कृती हातानंच केल्या. मग फरक कशात पडला?

हा फरक आम्हाला सगळ्यात स्वच्छ दिसतो तो शिकागोमध्ये. १८९६च्या जानेवारीत जॉन ड्युई यांनी तिथल्या विद्यापीठात एक प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली. सुरुवातीला मुलं होती फक्त १६. तिथे मुलांच्या हातात मेंढीची लोकर आणि बोंडातला कापूस दिला जायचा. ड्युईंनी पुढे आपल्या व्याख्यानांत सांगितलं आहे की एका गटानं अर्धा तास बसून बोंडातून आणि सरकीतून कापूस सोडवला, तर तो एक औंसही भरला नाही, म्हणजे २८ ग्रॅमसुद्धा नाही. शिवाय मुलांना दिसलं की लोकरीचा तंतू लांब, कापसाचा आखूड. मग त्यांच्या पूर्वजांनी कापसाऐवजी लोकर का वापरली, याचं उत्तर मुलांनीच काढलं. इथे कापूस मुलांना अडवत होता. पुठ्ठा कुणाला अडवत नाही, तो म्हणाल तसा वाकतो.

पण हीच कृती जशीच्या तशी उचलून तुम्ही जळगावात किंवा यवतमाळात केली तर? मूल म्हणेल, ‘आधी लोकर, मग कापूस.’ युरोपपुरतं ते ठीक. आपल्याकडे मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेलं सुती कापड सापडलंय, चार हजार वर्षांहून जुनं. अमेरिकेत एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र केलं १७९३मध्ये. त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आपल्याकडे दोन लाटांमधून कापूस ओढून सरकी मागे ठेवणारं हातयंत्र चालत होतं. म्हणून आपल्या मुलानं आधी बोटांनी सरकी काढावी, मग घरातली लाटणी घेऊन तेच करून बघावं. जमेल, नाही जमेल, पण प्रश्न बदलेल : इथल्या लोकांनी ही अडचण कशी सोडवली? बाहेरचा संच घ्यायला आमची हरकत नाही. त्याचं उत्तर कुठल्या मातीतलं आहे एवढं बघून घ्या.

आणि कापूस म्हटला की वर्ध्याला थांबावंच लागतं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला तिथे शिक्षण परिषद भरली, अध्यक्ष गांधीजी. झाकीर हुसेन यांच्या समितीनं नई तालीमचा आराखडा केला. टकळी, सूत, त्याभोवती गणित, भूगोल, इतिहास. कल्पना थोर होती. पण मुलांच्या कामातून शाळेचा खर्च भागावा, ही अपेक्षाही तिच्यात होती, आणि टीका झाली ती तिथेच. समितीनं अहवालात स्वतःच इशारा दिला होता की पैशाच्या बाजूवर भर देऊन शिक्षणाची बाजू बळी जाता कामा नये. आमच्या मते हा इशारा आजच्या घरांनाही लागू पडतो. आज सूत कुणी मोजत नाही, फोटो मोजतात! केलेली वस्तू छान दिसायला हवी म्हणून आई-बाबाच रात्री जागून ती पूर्ण करतात. ज्या कृतीत तुमचा हात मुलापेक्षा जास्त चालतो, ती अभ्यासक्रमातून खुशाल वगळा.

आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्रातल्या मुलांकडे हातानं करायच्या इतिहासाचा एक धडा दर वर्षी आपोआप येतो, दिवाळीचा किल्ला. माती, दगड, गोणपाट, वर पेरलेलं अळीव, सिंहासनावर महाराज, उतारावर मावळे. आणि एखादं हेलिकॉप्टर, ते असतंच. हा किल्ला बहुतेक घरी पिरॅमिडच्या जातीचा होतो, म्हणजे सजावट. त्याला इतिहास करायला एक तांब्याभर पाणी पुरतं.

ते पाणी माथ्यावर ओता. सगळं खाली वाहून जातं. मग विचारा, वर राहणारी माणसं जूनपर्यंत काय पिणार? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५च्या सुमारास, किल्ल्यांवर एक प्रकरण आहे. ते सांगतं की किल्ला बांधण्याआधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा बांधणं भागच असेल तर आधी खडक फोडून टाकी करा. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात आणि पाण्याचा खर्चही वाढतो. मोठ्यानं वाचून दाखवा, थोडी जुनी भाषा आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला समजावून दिली की कळते.

मग हिशेब. समजा गडावर ३०० माणसं, माणशी रोज ५ लिटर, पावसाविना २४० दिवस. झाले ३ लाख ६० हजार लिटर. म्हणजे १२ मीटर लांब, १० मीटर रुंद, ३ मीटर खोल टाकं, आणि तेही बाष्पीभवन सोडून. मुलानं मातीच्या किल्ल्यात टाकं खोदलं की बाजूला ढीग साचतो. ढिगाचं काय करायचं? तट बांधायचा! गडावर टाकं खोदताना निघालेला दगड बांधकामाला लावत, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

पुढचा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात : एवढा खडक फोडला कुणी? इथे उत्तर टाळू नका. पाथरवट, वडार, गवंडी, बेलदार यांची नावं आपल्या गोष्टींत येत नाहीत. हातात छिन्नी-हातोडी घेऊन फरशीच्या तुकड्यावर पाच मिनिटं मारून बघितलं (डोळ्यांवर चष्मा हवा, हे सांगून ठेवतो) की मूल या माणसांकडे वेगळ्या नजरेनं बघतं. ज्या अभ्यासक्रमात फक्त मुकुट आणि तलवारी करायला सांगतात, त्यात ही माणसं येणारच नाहीत. निवड करताना आम्ही हे फार बारकाईनं बघतो.

सगळा इतिहास मातीत मावत नाही, हेही खरं. तह, कर, पत्रव्यवहार यांचं काय करायचं? आमची आवडती कृती सांगतो, खर्च शून्य. ११ जून १६६५, पुरंदरचा तह. महाराजांना ४ लक्ष होनांच्या मुलखासह २३ किल्ले द्यावे लागले, १२ उरले. नकाशा जमिनीवर पसरा, ३५ किल्ल्यांवर ३५ खडे ठेवा, आणि मुलाला सांगा की १२ ठेव, बाकीचे उचल. मूल तासभर बसतं. घाटवाटा बघतं, कोकणात उतरायची वाट कुठली ते शोधतं, एक खडा उचलून परत ठेवतं. त्यानंतर खरी यादी दाखवा. राजगड, तोरणा, रायगड राहिले, पुरंदर आणि कोंढाणा गेले. मुलाची यादी जुळेल असं नाही, जुळायची गरजही नाही. न जुळलेल्या खड्यांवर वाद घाला, तोच धडा. आणि १६७० साली कोंढाणा परत घ्यायला तानाजी मालुसरे का गेले, हे त्याला आता पाठ करावं लागत नाही.

शेवटी व्यवहाराचं. शिक्षण हक्क कायदा २००९चा, ६ ते १४ वयासाठी. त्यात घरी शिकवण्याबद्दल स्पष्ट तरतूद नाही, म्हणून पालक चाचपडतात. पुढे बरीच मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयामार्फत दहावीला बसतात, तिथे किमान वय १४ लागतं. आणि परीक्षा लेखी असते, खडे मांडून दाखवता येत नाहीत! म्हणून नऊ-दहा वर्षांपासून प्रत्येक कृतीनंतर अर्धं पान लिहून घ्या : मला आधी काय वाटलं होतं, झालं काय, आणि कुठल्या कागदाशी मी ते ताडून पाहिलं. सात वर्षांच्या आतल्यांकडून लिहून घेऊ नका, सनावळीही नको. त्यांना माती आणि पाणी पुरतं.

संच विकत घ्यायचाच असेल तर पूर्ण वर्षाचा घेण्याआधी एखादा धडा मिळवा आणि मुलाबरोबर करून बघा. कृती संपल्यावर मूल प्रश्न विचारतं, की ‘झालं का? आता फोटो काढ’ म्हणतं, ते ऐका. आता तुमचे प्रश्न घेऊ या.