एकांकिका : तासाभराच्या नाटकाचा इतिहास आणि आस्वाद

१/ सप्टेंबर २०२२. पुण्याच्या सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिर. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची अंतिम फेरी आटोपली आणि करंडक कोणत्याही संघाला न देण्याचा निर्णय परीक्षकांनी जाहीर केला. १९६३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत असे पूर्वी कधी घडले नव्हते. काहींनी या निर्णयाची पाठराखण केली, तर काहींनी रोष व्यक्त केला.

२/ या वादात मूळ प्रश्न मात्र मागे पडला. एकांकिका चांगली की सुमार, हे आपण कोणत्या मापाने ठरवतो? बहुतेकांच्या मनात एकांकिका म्हणजे ‘छोटे नाटक’, लेखकाची उमेदवारी, मोठ्या नाटकाकडे किंवा मालिकेकडे जाणाऱ्या जिन्याची पहिली पायरी. हे माप चुकीचे आहे असे मला वाटते. त्यासाठी थोडे मागे जाऊ.

३/ संगीत नाटकांच्या वैभवकाळात प्रयोग रात्रभर रंगत. अशा काळात, १९११ च्या सुमारास, ‘दिवाकर’ म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी नाट्यछटा लिहायला घेतल्या. पानदीड पानाचा मजकूर आणि बोलणारे पात्र एकच. समोरची माणसे दिसत नाहीत. बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून आपण त्यांचे प्रश्न ताडायचे. नाट्यछटा म्हणजे एकांकिका नव्हे. परंतु लहान आकाराचे मर्म त्यांत आधीच सापडते : जे दाखवलेले नाही, त्यावरच नाट्य उभे असते.

४/ आधुनिक मराठी एकांकिकेला बळ मिळाले ते स्वातंत्र्योत्तर काळात. विजय तेंडुलकरांचा ‘रात्र आणि इतर एकांकिका’ हा संग्रह १९५७ चा. १९६० मध्ये मुंबईत विजया मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रंगायन’ सुरू केली. प्रायोगिक संस्थांपाशी पैसा थोडा आणि प्रेक्षकही मोजके. त्यांना एका दृश्याचे, चार-पाच पात्रांचे, धंद्याच्या गणितात न बसणारे नाटक परवडत होते. आकार लहान असल्यामुळेच धाडस मोठे करता येत होते.

५/ १९६७ मध्ये ‘सत्यकथा’ मासिकात नागपूरच्या एका तरुण इंग्रजीच्या प्राध्यापकाची ‘सुलतान’ ही एकांकिका प्रसिद्ध झाली. लेखक होते महेश एलकुंचवार. विजया मेहतांनी ती वाचली आणि पुढे ‘सुलतान’ व ‘होळी’ या दोन्ही एकांकिका ‘रंगायन’तर्फे रंगमंचावर आणल्या. मासिकाच्या पानावरची एकांकिका थेट दिग्दर्शकाच्या हाती पडावी, अशी वाट त्या काळी मोकळी होती. त्या वाटेची आठवण ठेवा; शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

६/ आता ‘होळी’कडे आस्वादकाच्या नजरेने पाहू. वसतिगृहातली मुले, होळीचा दिवस, नाकारलेली सुट्टी. आरंभी केवळ टवाळी आहे. मग हुल्लड, मग मोडतोड, आणि शेवटी आपल्यातल्याच एका दुबळ्या मुलाला घेरून केलेली विटंबना. तो मुलगा जीव देतो.

७/ या मुलांची घरे, त्यांचे बालपण, त्यांच्या रागाची सविस्तर कारणे लेखक मांडत बसत नाही. दीर्घ नाटक ज्या ठिकाणी तिसऱ्या अंकात पोहोचले असते, तेथे ही एकांकिका सुरू होते. एका दिवसाच्या चिमटीत सारे आवळल्यामुळे, मधे थांबून समंजसपणाने विचार करण्याची उसंत ना पात्रांना मिळते, ना आपल्याला. जमाव असाच बनतो. येथे आकार हाच आशय झाला आहे. १९८४ मध्ये केतन मेहतांनी यावर चित्रपट केला. तो अवश्य पाहा, पण मूळ संहिता आधी वाचा.

८/ दुसरे उदाहरण प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’चे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी आलेली ही एकांकिका विचारते : पुढे काय झाले? दोन नट रिकाम्या जागेत वेगवेगळ्या भूमिका घेत जातात आणि पाण्याभोवतीचा जातीचा पहारा उलगडत जातो.

९/ तिला ना नेपथ्याची गरज, ना नाट्यगृहाची. गावातला पार, संस्थेचे सभागृह, वस्तीतली मोकळी जागा, कोठेही ती होऊ शकते. ज्यांना नाट्यगृहाचे तिकीट परवडत नाही, त्यांच्यापर्यंत ती चालत जाते. दीर्घ नाटकाला ट्रक लागतो. एकांकिकेला दोन माणसे पुरतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने संहितेइतकाच या प्रवासाचाही विचार करावा.

१०/ पुण्याकडे पाहिले तर सतीश आळेकरांनी १९६९ मध्ये ‘झुलता पूल’ ही आपली पहिली एकांकिका लिहिली व दिग्दर्शित केली. ते ज्या तरुण वर्तुळात होते, त्यातूनच १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ उभे राहिले आणि १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन झाली. ही हकीकत नेहमी ‘पायरी’च्या कथेसारखी सांगितली जाते : आधी एकांकिका, मग खरे नाटक. पण कविता लिहिणारा पुढे कादंबरी लिहू लागला, म्हणून कविता ही अपुरी कादंबरी ठरत नाही.

११/ तर मग आजची एकांकिका पाहताना काय पाहावे? मी स्वतःला चार प्रश्न विचारतो.
– ही गोष्ट नेमकी याच क्षणी का सुरू झाली?
– रंगमंचाबाहेर काय ठेवले आहे, आणि ते कधी आत शिरते?
– प्रकाश, संगीत, नेपथ्य काढून घेतले तर काय उरते?
– शेवट आधीच्या सगळ्याला नवा अर्थ देतो, की नुसता दचकवतो?

१२/ शेवटचे दोन प्रश्न महत्त्वाचे, कारण स्पर्धेच्या एकांकिकेचे दोषही तेथेच दिसतात. तासाभरात परीक्षकांच्या मनावर ठसायचे असते. म्हणून कानठळ्या बसवणारे संगीत येते, शेवटच्या मिनिटाला धक्का येतो आणि विषय ‘ज्वलंत’ आहे हे पात्रे भाषणातून सांगू लागतात. या दोषांवर बोट ठेवणे म्हणजे तरुणांचा अपमान नव्हे. कठोरपणे पाहणे हीसुद्धा आदराचीच एक रीत आहे.

१३/ मात्र त्याच गर्दीत एखादी संहिता अशी निघते की ‘आव्वाज कुणाचा’ या आरोळ्या विरल्यावर सभागृहात क्षणभर कोणी हलत नाही. आपल्या वयाच्या कोणीतरी, आपल्याच भाषेत, आपण घरी उच्चारू न धजलेले वाक्य उच्चारलेले असते. वीस वर्षांची मुले त्या वर्षी कशाला भीत होती, कशावर हसत होती आणि कशाबद्दल गप्प होती, हे सांगणारे याहून जिवंत साधन मला माहीत नाही.

१४/ आणि हेच साधन आपण हरवत चाललो आहोत. पदवीला असताना आमच्या संघाची प्रकाशयोजना मी सांभाळत असे. अलीकडे त्या एकांकिकेची संहिता शोधली. लेखक मित्राचा जुना लॅपटॉप बिघडलेला, दिग्दर्शिकेची प्रत घर बदलताना गेलेली. माझ्या वहीत उरला आहे तो फक्त दिव्यांचा तक्ता : कोणत्या प्रसंगानंतर डावा दिवा मंद करायचा, अंधार किती मोजेपर्यंत ठेवायचा. प्रकाश शिल्लक आहे, शब्द गेले.

१५/ ‘होळी’ आज आपल्याला वाचता येते, कारण ती छापली गेली. पाचव्या पोस्टमधली ती वाट, लेखकाकडून मासिकाकडे आणि मासिकाकडून दिग्दर्शकाकडे जाणारी, आज जवळपास बुजली आहे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. आजची एकांकिका दोन-तीन फेऱ्या गाजते आणि पुढच्या वर्षी नव्या संघाबरोबर विसरली जाते.

१६/ म्हणून या धाग्याच्या शेवटी दोन विनंत्या. तुम्ही एखाद्या संघात असाल तर अंतिम संहितेची एक छापील प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या. वर तारीख, लेखकाचे नाव आणि कलाकारांची यादी लिहा. आणि तुम्ही प्रेक्षक असाल तर आजवर पाहिलेली, मनातून न गेलेली एक एकांकिका खाली लिहा : नाव, वर्ष, गाव आणि तिच्यातला आठवणारा एक प्रसंग. पुढे कोणीतरी आपल्या पिढीचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याच्या हाती दिव्यांच्या तक्त्याहून थोडे अधिक असावे.